उद्घाटनाआधीचा रुग्ण

"मृत्यूच्या दारात मानपान, हुद्दा, भावकी सगळं गळून पडतं. उरतो तो फक्त माणूस."

हे वाक्य मी माईकवर म्हटलं तेव्हा माझ्या मागे, मंडपाच्या खांबाआड, फीत कोण कापणार यावरून दोन अध्यक्ष भांडत होते. भांडण हळू आवाजात चाललं होतं, पण माईक चांगला होता. थोडं माझं, थोडं त्यांचं असं दोन्ही मिळून गावाला ऐकू जात होतं. लोकांचं लक्ष कशाकडे आहे, हे मला समोर दिसत होतं.

मी महाडला भूलतज्ज्ञ आहे. भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला झोपवणारा डॉक्टर. त्याला परत उठवायचं कामही आमचंच असतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. रुग्ण डोळे उघडतो तेव्हा पेढे सर्जनला मिळतात. महाडातल्या कुठल्याही एका हॉस्पिटलला दिवसभर भूल लागत नाही, त्यामुळे आम्ही गाडीत सामान टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरतो. माझ्या डिकीत त्या सामानाबरोबर वसंतराव असतात.

वसंतराव हा रबरी पुतळा आहे. डोकं, मान आणि छाती, एवढाच. नाव नर्सेसनी ठेवलं. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर मदत येईपर्यंत छाती हातांनी दाबून रक्त फिरतं ठेवायचं, याला सीपीआर म्हणतात. तो शिकवायला वसंतराव लागतात. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमतात तेव्हा आम्ही काही डॉक्टर तिथे तंबू टाकून बसतो. उन्हाने चक्कर आलेल्यांना बघायचं आणि मधल्या वेळात येतील त्यांना वसंतरावांवर हात चालवायला द्यायचे. त्यातला कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत घाटकोपरला शांताराम उतेकरांच्या फोनवर पोचला, आणि मला आमंत्रण आलं.

उतेकर हे एका वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. वाडी पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या पुढे डोंगरात आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जावं लागतं. त्या बाजूच्या बहुतेक वाड्यांप्रमाणे हिलाही दोन सरकारं आहेत. एक मुंबई मंडळ. ते घाटकोपरच्या एका खोलीत भरतं आणि ठराव करतं. दुसरी गाव कमिटी. ती संध्याकाळी देवळाच्या पायरीवर भरते आणि ते ठराव कसे चुकलेत ते सांगते. गाव कमिटीचे अध्यक्ष गणपत सकपाळ, म्हणजे तात्या. भातशेती, दोन बैल आणि मुंबईकरांबद्दल ठाम मतं, एवढा त्यांचा पसारा.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतात तेव्हा मंडळ गावाला एखादी वस्तू भेट देतं. एका वर्षी देवळाला घंटा दिली. एका वर्षी पाण्याची टाकी दिली. पुढच्या वर्षी त्या टाकीवर मंडळाचं नाव रंगवून दिलं. या वर्षी एईडी होतं.

एईडी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. हृदय बंद पडतं तेव्हा पुष्कळदा ते एकदम थांबत नाही. आधी नुसतं थरथरतं, आणि थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही. त्या थरथरीला विजेचा एक झटका देऊन हृदय ताळ्यावर आणायचं, हे या यंत्राचं काम. दोन चिकट पॅड उघड्या छातीवर लावायचे. पुढचं सगळं यंत्र स्वतःच बोलून सांगतं. पाचवीतलं पोर वापरू शकेल इतकं सोपं असतं. फक्त त्यासाठी डबा उघडावा लागतो.

डबा स्टेजवर टेबलावर ठेवला होता. भोवती लाल साटिनची फीत, वर झेंडूचा हार, पुढे नारळ, उदबत्ती आणि कुंकवाच्या ताटात सोनेरी मुठीची कात्री.

"मी जरा उघडून दाखवते," मी सकाळी पोचल्याबरोबर म्हणाले होते. "लोकांनी पॅड कसे लावायचे ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की—"

"नको मॅडम, प्लीज," उतेकर म्हणाले. "आताच ओपन केलं तर साहेब येऊन काय ओपन करणार?"

"मग उद्घाटन झाल्यावर दाखवते."

"उद्घाटनानंतर सत्कार आहेत. मग जेवण. तुम्ही आता तोंडी सांगा ना. तुमचं सांगणं एकदम क्लिअर असतं."

त्यामुळे मी, गाभाऱ्याबाहेरून देव दाखवावा तसं, लांबून बोट करून यंत्र दाखवलं.

साहेब महाबळेश्वरहून निघाले होते आणि आंबेनळी घाटात होते. घाटात फोनला रेंज नाही, म्हणून ते घाटात नेमके कुठे आहेत हे कुणाला कळत नव्हतं. साहेब कोण, हे महत्त्वाचं नाही. ही वाडी कोणती, हे बहुधा त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी स्टेजच्या मधोमध एक कोचाची खुर्ची होती आणि तिच्यावर नवाकोरा टर्किश टॉवेल. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. एक कोंबडी चढली होती, तिला हाकललं.

खांबाआडचं भांडण आता रंगात आलं होतं.

"साहेबांना फीत कापायला बोलावलंय, तात्या. पत्रिकेत छापलंय तसं."

"पत्रिका तू छापलीस. गावच्या वस्तूला पयला हात गावच्या मानकऱ्याचा. घंटा बांधली तवा पयला टोल कुणी दिला? माझ्या बापसानं."

"ती घंटा होती. हे मेडिकल इक्विपमेंट आहे."

"वस्तू ती वस्तू. मान तो मान."

मान म्हणजे कोकणातल्या गावात कुणाच्या हाताने काय व्हायचं याची वडिलोपार्जित वाटणी. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणी फोडायचा, होळीला पहिली काडी कुणी लावायची. यावरून कोर्टात गेलेली गावं मला माहीत आहेत. एईडीचा मान कुणाचा, हे मात्र अजून ठरायचं होतं.

सूत्रसंचालन करणारे शाळेतले कदम सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, साहेबांना अजून वेळ आहे. आपलं प्रात्यक्षिक जरा लांबवता येईल का?"

लांबवलं. लोकांतून कुणीतरी पुढे या म्हटलं, तर कुणी येईना. मग मी तात्यांनाच बोलावलं, म्हणजे भांडणही थांबेल. तात्या आले, गुडघ्यावर बसले आणि वसंतरावांकडे संशयाने पाहिलं.

"याला हातपाय नाय ते?"

"हातपाय दाबून कुणी जिवंत होत नाही, तात्या. म्हणून दिलेले नाहीत."

मी त्यांचा तळवा छातीच्या मधोमध ठेवला, दुसरा त्यावर ठेवला, कोपर ताठ करायला लावले. तात्यांनी पाहुण्यांच्या लहान मुलाला थोपटावं तसं दाबलं.

"जोर लावा. दोन इंच खाली गेलं पाहिजे."

"मरंल ना तो."

"तो मेलेलाच आहे. म्हणून तर दाबायचं."

"मेलेल्याला अजून किती मारायचा गो बाय?" बायकांतून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला.

लोक हसले, पण सीपीआरमधली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. माणसाला दुखेल म्हणून लोक हळू दाबतात. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याला दुखत नाही. तुम्ही त्याचं नुकसान करू शकत नाही, कारण यापुढचं नुकसान शिल्लकच नसतं.

"आणि किती जलद?" कदम सरांनी शिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला.

"मिनिटाला शंभर ते एकशेवीस."

"म्हंजे पालखी नाचवताना ढोल वाजतो तसा?" तात्यांनी विचारलं.

साहेबांच्या स्वागतासाठी खालू बाजावाले, म्हणजे सनई-ढोलवाले, येऊन बसले होतेच. ढोलवाल्याने दोन ठोके वाजवून दाखवले. मी घड्याळ लावून पाहिलं. पालखीची चाल बरोबर बसत होती. तात्यांना ते कळल्यावर मात्र त्यांनी वसंतरावांना असं दाबलं की पुतळ्याच्या छातीतला टिकटिक आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. दाब पुरेसा झाला की पुतळा टिकटिक करतो. तात्या खूश झाले. माझ्या मते त्यांच्या डोळ्यांपुढे वसंतराव नव्हते.

एवढ्यात उतेकर रस्त्यावरून परत आले. साहेबांची गाडी दिसते का पाहायला ते सकाळपासून फाट्यावर खेपा घालत होते, आणि भांडण थांबल्यावर पुन्हा तिकडेच गेले होते. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर फेटा, छातीवर 'अध्यक्ष' असा बिल्ला. ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. त्यांनी कदम सरांच्या हातून माईक घेतला.

"मित्रहो, आनंदाची बातमी आहे. साहेब घाट उतरून—"

पुढचं वाक्य आलं नाही. त्यांनी हात मागे नेला, खुर्चीचा दांडा चाचपला आणि ते साहेबांच्या खुर्चीवर बसले.

मला पहिली शंका तिथेच आली. शुद्धीतले उतेकर त्या खुर्चीवर बसले नसते.

मग ते टॉवेलासकट खाली घसरले.

"ऊन लागलं!" "फीट आली!" "कांदा आणा!" "चप्पल हुंगवा!" एकाच वेळी चार उपचार सुचवले गेले. एकजण तांब्या घेऊन पाणी पाजायला धावला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते थेट श्वासनलिकेत जातं. मी तांब्या हिसकावून घेतला. खांदे जोरात थोपटून हाक मारली, "उतेकर! उतेकर, ऐकू येतंय?" काही नाही. छाती हलत नव्हती. अधूनमधून तोंड उघडत होतं आणि घोरल्यासारखा एक आवाज येत होता.

"श्वास चालू आहे, मॅडम," कदम सर म्हणाले. "घोरताहेत."

हा श्वास नसतो. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो, तसला प्रकार असतो. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ तो चालतो, आणि बघणारे म्हणतात, श्वास आहे, जरा थांबू या. त्या थांबण्यात माणसं जातात.

मी गुडघे टेकले आणि दाबायला सुरुवात केली.

आणि टाळ्या पडल्या.

मागच्या लोकांना वाटलं, प्रात्यक्षिकाचा पुढचा भाग सुरू झाला. कदम सरांच्या हातात माईक परत आला होता आणि सवय जात नाही. ते म्हणाले, "मंडळी, शांतता राखावी. मॅडम आता प्रत्यक्ष व्यक्तीवर दाखवत आहेत."

"सर, हे खरं आहे!" मी ओरडले. "ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"ॲम्ब्युलन्स बोलावण्यात यावी," कदम सर माईकवर म्हणाले.

गर्दीला सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. म्हणून आम्ही शिकवतो की एकाकडे बोट दाखवून सांगायचं. माझे हात मोकळे नव्हते. "सर, तुम्ही! तुमच्या फोनवरून! आत्ता!" तेव्हा ते शाळेच्या कंपाउंडकडे धावले. वाडीत रेंज तिथेच येते.

उतेकरांच्या पत्नी, सुमनबाई, बायकांतून वाट काढत वर आल्या. त्या रडल्या नाहीत. नवऱ्याच्या डोक्याशी बसून फेटा सोडवला आणि म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासून छातीत जळजळतंय बोलत होते. पित्ताची गोळी घेतली. मी बोलली, डॉक्टरीण येतेच हाय, दाखवा. तर बोलले, उद्घाटन होऊ दे, मग बघू."

म्हणजे यंत्राबरोबर त्यांची छातीही उद्घाटनासाठी थांबली होती तर.

"पेटी आणा!" मी म्हणाले. "टेबलावरची!"

कुणी हललं नाही. टेबल चार पावलांवर होतं. त्याच्या एका बाजूला मंडळाचे लोक उभे होते, दुसऱ्या बाजूला गाव कमिटीचे. सगळे त्या लाल फितीकडे पाहत होते.

"मॅडम," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "ते अजून... म्हणजे अध्यक्षांना विचारल्याशिवाय..."

परवानगी देऊ शकेल असा एकच माणूस तिथे होता आणि तो माझ्या हाताखाली होता.

आता लिहिताना हे गमतीचं वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. हृदय थरथरत असताना जाणारं प्रत्येक मिनिट माणसाला लांब नेतं. मी पन्नाशी ओलांडली आहे. गुडघे दुखायला लागले होते, दंड भरून आले होते आणि माझ्या जागी दुसरं कुणी दाबल्याशिवाय मी पेटीपर्यंत जाऊ शकत नव्हते. एवढी माणसं भोवती होती, आणि त्यातला एकही हात मान नसताना पुढे यायला तयार नव्हता.

सुमनबाई उठल्या. कुंकवाच्या ताटातली कात्री उचलली.

"वैनी, साहेब—" सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब गेले खड्ड्यात," सुमनबाई म्हणाल्या आणि फीत कापली.

सवयीने दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

पेटी त्यांनी हारासकट माझ्याशेजारी आणून ठेवली. आता दाबायला माणूस हवा होता. मी मान वर केली. समोर तात्याच होते.

"तात्या, या. जागा घ्या."

"मी?" तात्यांचा चेहरा पडला. "मी नाय. उद्या काय झालं तर बोलतील, तात्यानं मारला."

"काय व्हायचं ते झालंच आहे, तात्या. मघाशी वसंतरावांना दाबलं तसंच."

तात्यांनी एकदा उतेकरांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसले, हातावर हात ठेवला आणि मागे न बघता ओरडले, "वाजव रे पालखीची!"

ढोलवाला आधी गोंधळला, मग त्याने वाजवायला घेतलं. मी आजवर अनेक ऑपरेशन थिएटरांत काम केलंय. इतक्या बरोबर लयीत कुणाची छाती दाबली गेलेली पाहिली नाही.

मी कोटाची बटणं तोडली, बनियन कात्रीने कापला. तीच सोनेरी मुठीची कात्री, आणि तिला धारही होती, हे त्या दिवसाचं एक नवल. छाती घामाने निथळत होती. ओल्या कातडीला पॅड चिकटत नाही. पुसायला काहीतरी द्या म्हटलं तर पुन्हा सगळे शोधायला लागले. उतेकरांच्या पाठीखालीच साहेबांचा टॉवेल होता. तोच ओढून घेतला.

एक पॅड उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली. तेवढ्यात काड्कन आवाज झाला. तात्या थांबले.

"मोडलं कायतरी!"

"बरगडी असेल. मोडू दे. थांबू नका."

"मोडू दे?"

"तात्या, दाबा!"

मी यंत्र सुरू केलं. ते इंग्रजीत बोलायला लागलं, स्पष्ट आणि शांत, विमानात बोलतात तसं. कदम सर धापा टाकत परत आले होते. साहेबांच्या दौऱ्यासाठी ॲम्ब्युलन्स कापड्यातच उभी होती, ती निघाली होती. त्यांनी यंत्राचा आवाज ऐकला, माईक उचलला आणि भाषांतर सुरू केलं.

"यंत्र असं म्हणत आहे की रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये."

तात्यांनी हात काढले. यंत्राने हृदयाची चाल तपासली.

"झटका द्यावा असा यंत्राचा सल्ला आहे. सर्वांनी मागे सरावं. सुमनवहिनी, आपणही."

मी सगळीकडे नजर फिरवली, कुणाचा हात लागत नाही हे पाहिलं आणि बटण दाबलं. उतेकरांचं अंग एकदा उडालं.

"पुन्हा दाबा, तात्या. लगेच."

झटका दिला की काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हृदय ताळ्यावर आलं तरी जोर धरायला वेळ घेतं, म्हणून झटक्यानंतर लगेच पुन्हा दाबायचं असतं. तात्या दाबत राहिले. त्यांच्या नाकावरचा घाम उतेकरांच्या छातीवर पडत होता. ते मोजत नव्हते, काहीतरी बोलत होते. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "उठ रे शांत्या. उठ. फीत कापून झाली, तुझ्याच बायकोनं कापली, उठ आता."

मग उतेकरांचा हात हलला. त्यांनी तात्यांचं मनगट धरलं, किंवा ढकललं. मी मानेवर बोटं ठेवली. नाडी लागली. छाती आपली आपण वर आली.

उतेकरांनी डोळे उघडले. तात्यांकडे पाहिलं, मंडपाच्या छताकडे पाहिलं. ओठ हलले. सुमनबाईंनी कान जवळ नेला.

"काय बोलतात?" मी विचारलं.

सुमनबाई सरळ झाल्या. "विचारतात, साहेब आले काय?"

नेमका तेव्हाच खालच्या वळणावर सायरन वाजला. खालू बाजावाल्यांना सकाळपासून एकच सूचना होती: सायरन ऐकला की सुरू करायचं. त्यांनी सुरू केलं. सनई, ढोल, टिमकी, सगळ्यांनिशी, आणि ॲम्ब्युलन्सचं स्वागत झालं. स्ट्रेचर घेऊन उतरलेल्या डॉक्टरांना एका उत्साही माणसाने गुलाबही दिला.

मी ॲम्ब्युलन्समधून गेले. महाडला त्यांना स्थिर केलं, मग मुंबईला नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती, तिच्यात स्टेंट बसवला. त्यामुळे वाडीत पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण मला एका स्थानिक पेपरचं कात्रण कदम सरांनी पाठवलं. साहेब दुपारी पोचले होते. फोटोत ते फीत कापताना हसत आहेत. मथळा 'जीवरक्षक यंत्राचे लोकार्पण'. फीत मधोमध गाठ मारून पुन्हा बांधलेली आहे. साहेब गाठीच्या जरा डावीकडे कापत आहेत. हार पुन्हा घातला आहे. खुर्चीवर टॉवेल नाही. उतेकरांचा उल्लेख 'अपरिहार्य कारणामुळे अनुपस्थित' असा आहे.

माझ्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. गणपतीत मला वाडीतून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी सत्कारासाठी नव्हे, साक्षीसाठी.

देवळात सभा भरली होती. उतेकर भिंतीला टेकून बसले होते, बारीक झालेले, फेट्याशिवाय. मंडळाच्या सेक्रेटरींनी एक्स-रे आणला होता. तो त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरला आणि सभेला दाखवला. डावीकडच्या दोन बरगड्या मोडलेल्या.

"प्रश्न साधा आहे," सेक्रेटरी म्हणाले. "ट्रीटमेंट करायला बरगड्या मोडायची काय गरज होती? गाव कमिटीच्या अध्यक्षांनी जुना राग काढला, अशी मंडळात चर्चा आहे."

एक्स-रे हातोहात फिरला. ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं त्याने तो जास्त वेळ पाहिला. तात्या खांबाशी उकिडवे बसून जमिनीकडे पाहत होते. मला पहिल्यांदा जाणवलं, हा माणूस चार महिने हे ऐकत असणार. 'मी नाय' असं तो का म्हणाला होता, तेही तेव्हा कळलं. माझ्यापेक्षा त्याला आपलं गाव जास्त माहीत होतं.

मी उभी राहिले. मोठ्या माणसाला नीट सीपीआर दिला की बरगडी मोडणं नेहमीचं आहे, ती पुढे जुळते, आणि मोडली नसती तर मला शंका आली असती, असं सांगितलं. "बरगड्या शाबूत आणि माणूस गेलेला, असे मी कितीतरी पाहिलेत. त्यांचे नातेवाईक एक्स-रे आणत नाहीत."

मग उतेकरांनीच विचारलं. बसल्या जागेवरून, हळू आवाजात.

"गणपा, खरं सांग. किती जोरात दाबलंस रे?"

तात्यांनी मान वर केली.

"मॅडम बोलल्या तेवढाच." मग जरा विचार करून, "थोडा आपला."

उतेकर हसायला लागले. हसताना बरगडी दुखली, म्हणून एका हाताने ती धरून हसले. मग सगळेच हसले. सेक्रेटरींनी एक्स-रे पाकिटात घातला. कुणीतरी चहा आणला. सुमनबाई बायकांत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "फीत कापली म्हणून मला पण नोटीस काढताय काय?" त्यावर मंडळ आणि कमिटी या दोघांनीही, माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, एकमताने नाही म्हटलं.

तेव्हापासून मी शिकवताना सुरुवातीचं ते वाक्य म्हणत नाही. मानपान गळून पडतं वगैरे. त्याऐवजी सरळ सांगते: माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाला ॲम्ब्युलन्सचा फोन करायला लावा, तुम्ही दाबायला लागा, जोरात आणि जलद, आणि कुणाची परवानगी मागू नका. यंत्र येईल तेव्हा येईल. आणि कुठलंही एईडी उघड्यावर, सगळ्यांच्या हाताला लागेल असं ठेवा. हे मी त्या सभेतही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी लिहूनही घेतलं.

वापरलेल्या पॅडच्या जागी मंडळाने नवे पॅड आणले. यंत्र आता देवळात, दर्शनी भागात, काचेच्या कपाटात आहे. एवढी मोलाची वस्तू कुणा एकाच्या ताब्यात नको, म्हणून दोन्ही अध्यक्षांचा समान मान राखत कपाटाला दोन कुलपं बसवली आहेत. एकाची चावी तात्यांकडे असते. दुसरी घाटकोपरला.